कृपया पुढे पाठवा

कंट्रोल रूमनं आधी उंची विचारली,
मग बांधा, मग ओळखीची खूण.
म्हटलं, उजव्या अंगठ्याला घट्टा आहे,
जकार्डचे पत्ते मारून मारून पडलेला.
पलीकडे हवालदार थांबले.
"पत्ते म्हंजे, खेळायचे का ताई?"

नाही. पुठ्ठ्याचे, भोकांचे.
एका चादरीला शेकड्यांनी पत्ते लागतात,
एक भोक चुकलं की मोराची मान वाकडी.
चाळीस वर्षं नायना कोऱ्या पुठ्ठ्यात
कुठं काय नसावं, ते ठरवत आले.
हे सगळं त्या रकान्यात मावेना.
हवालदारांनी लिहून घेतलं : अंगठ्यास व्रण.

मेसेज मी लिहिला, विडी घरकुलच्या चौकात उभ्यानं.
पेंटय्या राजाराम चिट्याल, वय सत्त्याहत्तर.
पांढरी ओम्नी, मागच्या काचेवर बालाजीचं नाम,
डावा आरसा फुटका.
'विसराळू आहेत' लिहिलं. खोडलं.
'विस्मरणाचा आजार आहे' लिहिलं. ठेवलं.
'गाडी मात्र उत्तम चालवतात' लिहिलं
आणि खोडलं,
खरं होतं तरी.

किल्ली आम्ही तांदळाच्या डब्यात पुरली होती.
माझं नाव त्यांना पाचदा सांगावं लागायचं;
डबा त्यांनी एका झटक्यात काढला.

सकाळी घंटागाडी आली.
ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा,
आणि मध्येच नायनांचं नाव.
बादल्या हातात धरून बायका दारातच थबकल्या.
मराठीत हरवले, तेलुगूत हरवले,
पुढच्या गल्लीत कन्नडमध्ये हरवले.
सावळेश्वरच्या टोलवर नोंद नव्हती.
तुळजापूर नाक्यावर कुणी पाहिलं नव्हतं.
वहिनी सारखी गॅस बंद आहे का बघत होती.

दुसऱ्या रात्री अक्कलकोट रोडला सापडले.
बंद पडलेल्या एका कारखान्याच्या फाटकासमोर
हॉर्न देत बसले होते, दमादमानं,
आतून वॉचमन येईल म्हणून.
गठ्ठे उचलायचे होते. उशीर झाला होता.
टपरीवाल्या मौलालीनं मोबाईल पाहिला, गाडी पाहिली,
आणि फाटक बंद आहे, असं काही बोलला नाही.
"शेट यायलेत काका, तवर च्या घ्या."
ग्लास त्यांच्या हातात दिला
आणि किल्ली आपल्या खिशात टाकली.
मी पोचले तेव्हा दोघं सुताच्या भावावर बोलत होते,
कुठल्या सालचा भाव, देव जाणे.
मला बघून नायना उठले.
"इंटिकि पोदाम," म्हणाले. घरी जाऊ.
घर कुणाचं, ते मी विचारलं नाही.

नायना घरी आले. मेसेज आला नाही.
तो इंडीला गेला, गुलबर्ग्याला गेला,
लातूरच्या कुठल्या भिशीच्या ग्रुपवर गेला.
'सापडले' म्हणून मीही पाठवलं, सगळीकडे,
पण ते कुणी पुढे ढकललं नाही.
फोन येत राहिले. सापडले का?
मार्गशीर्षात नायना गेले. फोन येत राहिले.
दहाव्याला आला, मी ओल्या हातानं घेतला.
"हो, सापडले," म्हटलं.
"बरं झालं बघा," तो माणूस मनापासून म्हणाला.
नंतर नंतर मला त्या फोनची
थोडी सवयच लागली.

गेल्या मंगळवारी बोरामणीहून आला. पेट्रोल पंप.
"ताई, तुमचे वडील हितंच हायत.
पांढरी गाडी. कवाचं पैसे मोजायलेत."
अंगठा बघा, म्हटलं.
माझी मलाच लाज वाटली, तरी म्हटलं.
"साफ हाय की अंगठा. तुमचे नव्हंत का मग?"

चुलीवर ठेवल्यासारखा फोन गरम लागला कानाला.

रागावू नका त्यांच्यावर, म्हटलं.
कुठून आलात, असं विचारू नका.
कुठं निघालात, विचारा.
चहा द्या. साखर चालते का, तेही विचारा.
किल्ली हळूच काढून घ्या, ते ग्लास धरतील तेव्हा.
आणि गाडीचा नंबर सांगा मला.
थांबा, पेन घेते.